हार्ट फेल: एक शब्द, एक विंचू आणि बिरवाडीचा दवाखाना

आमच्या पोलादपुरात 'हार्ट फेल' या शब्दाचा एकच अर्थ आहे. माणूस रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही, की लोक म्हणतात, "हार्ट फेल झालं." उर्दू अखबारात याच बातमीला 'हरकत-ए-क़ल्ब बंद होने से' असं लिहितात. दोन्ही वाक्यांनंतर पुढची ओळ दफनाची किंवा अंत्यविधीची असते. त्यामुळे डॉक्टर जेव्हा जिवंत, समोर बसलेल्या, चहा मागणाऱ्या माणसाच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहितात आणि बाहेर येऊन नातेवाइकांना तेच दोन शब्द सांगतात, तेव्हा बायका तिथेच रडायला लागतात. मी भाषा शिकवतो, म्हणून मला हे जास्त टोचतं. एका चुकीच्या शब्दाने माणसं दोन प्रकारे मरतात. काही घाबरून औषध सोडतात, कारण 'आता काय उरलंय?' आणि काही बरं वाटलं की औषध सोडतात, कारण 'हार्ट फेल झालं असतं तर मी चालतोय कसा?'

खरी गोष्ट अशी की हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, किंवा ते काम करताना आतला दाब वाढतो. विहिरीवरचा पंप जुना झाला की मोटर फिरत असते, पण वरच्या टाकीत पाणी पोचत नाही, तसंच. फरक एवढाच की शरीरात पाण्याला मागे तुंबायलाही जागा आहे. डावी बाजू कमी पडली की फुप्फुसात पाणी साचतं, धाप लागते, आडवं झोपवत नाही. उजवी बाजू कमी पडली की पाय सुजतात, यकृत मोठं होतं, पोटात पाणी होतं. बहुतेकांचं दोन्ही हळूहळू होतं. 'कंजेस्टिव्ह' या शब्दातलं कंजेशन म्हणजे हीच तुंब. मराठी पुस्तकांत 'हृदय निकामी होणे' असा शब्द वापरतात, तोही फसवा आहे. निकामी म्हणजे टाकून द्यायचं. 'हृदय थकणे' किंवा 'हृदय कमी पडणे' म्हटलं तर माणूस निदान पुढचं वाक्य ऐकेल.

जुन्या लोकांना हा आजार ठाऊक होता, पण त्यांना तो हृदयाचा वाटला नाही. आमच्याकडच्या युनानी हकिमांच्या किताबांत त्याला 'इस्तिस्का' म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ पाणी मागणं, तहान. इस्तिस्काचे तीन प्रकार सांगितलेत: सगळ्या अंगाला सूज आली तर लहमी, मशकीसारखं पोट पाण्याने भरलं तर ज़िक़्क़ी, आणि पोट ढोलासारखं वाजलं तर तब्ली. दोष ठेवला जिगरवर, म्हणजे यकृतावर. आज हे वाचून हसू येऊ शकतं, पण हसू नये. हृदय कमी पडलेल्या माणसाचं पोट चाचपलं तर खरंच यकृत हाताला लागतं, मोठं आणि दुखरं. हकिमाने जे हाताला लागलं ते लिहिलं. आयुर्वेदातला 'शोथ' आणि 'उदर' किंवा आपल्या बोलीतला 'जलोदर' यांचीही गोष्ट तीच. पाणी दिसतं तिथे रोग आहे, अशी समजूत. पाणी मागून कुणामुळे येतंय, हे कळायला आधी रक्त कुठून कुठे जातं हे कळायला हवं होतं.

आणि इथे एक नाव घ्यावंच लागतं, कारण आमच्या मुलांना ते पाठ्यपुस्तकात भेटत नाही. दमास्कसजवळ जन्मलेले आणि कैरोत आयुष्य घालवलेले इब्न अल-नफ़ीस. ग्रीक वैद्य गॅलेनने सांगून ठेवलं होतं की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात जातं. हजार वर्षं सगळ्यांनी ते मानलं, इब्न सीनानेही. इब्न अल-नफ़ीस यांनी १२४२ च्या सुमारास, इब्न सीनाच्याच ग्रंथाच्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिताना, साफ सांगितलं की हा पडदा घट्ट आहे, त्यात छिद्रं नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं. १२८८ मध्ये ते वारले. त्यांचं हे म्हणणं पुढे विसरलं गेलं, आणि १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्यांचं हस्तलिखित सापडलं तेव्हा जगाला पुन्हा कळलं. विल्यम हार्वेचं रक्ताभिसरण १६२८ चं. मी हे 'सगळं आपणच शोधलं' या थाटात सांगत नाही. तो थाट मला आवडत नाही. हार्वेने मोजमाप केलं, प्रयोग केले, पूर्ण चक्र दाखवलं. पण हृदयाचा आजार समजायला उजवं-डावं आणि मधे फुप्फुस हा नकाशा आधी लागतो. तो नकाशा आधी कैरोत काढला गेला, एवढंच.

औषध मात्र इंग्लंडच्या एका खेड्यातून आलं. श्रॉपशायर भागातली एक म्हातारी सूज आलेल्या रोग्यांना घरगुती काढा द्यायची आणि मोठ्या डॉक्टरांनी सोडून दिलेले लोकही कधी कधी बरे व्हायचे. विल्यम विदरिंग या डॉक्टरने तो काढा १७७५ मध्ये पाहिला. वीसेक वनस्पतींतून त्याने एक ओळखली: फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. मग दहा वर्षं रोग्यांच्या नोंदी ठेवून १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. ज्यांचा उपयोग झाला नाही त्यांच्याही नोंदी त्यात आहेत, हे मला विशेष वाटतं. त्याला वाटलं औषध लघवी वाढवतं. हृदयावर त्याचा जोर चालतो हे त्याने पाहिलं, पण गणित पूर्ण सुटलं नाही. त्या झाडाचं डिगॉक्सिन अजून दुकानात मिळतं. १९९७ मध्ये सहा हजार आठशे रोग्यांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की डिगॉक्सिनने दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, पण आयुष्य वाढत नाही. दोनशे वर्षांनी हिशेब लागला.

मधल्या काळात काय होतं? पायात बारीक नळ्या टोचून पाणी गाळायचे. नंतर पाऱ्याची इंजेक्शनं. तीही अचानक सापडली: १९१९ मध्ये व्हिएन्नात गरमीच्या आजारासाठी एका मुलीला पाऱ्याचं औषध दिलं तर तिला भरपूर लघवी होऊ लागली. १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं, जे आज आमच्याकडे 'पाण्याची गोळी' म्हणून प्रत्येक घराला माहीत आहे. इथपर्यंतची गोष्ट पाणी काढण्याची आहे. हृदयावरचं ओझं कमी करण्याची गोष्ट नंतरची, आणि तिचं एक पान आमच्या गावापासून जेमतेम तासाच्या अंतरावर लिहिलं गेलं. हा लेख मी खरं तर त्या पानासाठी लिहायला घेतला.

महाड तालुक्यात बिरवाडी नावाचं गाव आहे. आज लोक त्याला एमआयडीसीमुळे ओळखतात. १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले: हिंमतराव साळुबा बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव, घरची गरिबी, मिळेल ते काम करत शिक्षण, नागपूरहून एमबीबीएस. कोकणात आल्यावर त्यांना जे दिसलं ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं. लाल विंचू चावलेले रोगी यायचे. त्यातले बरेच लहान मुलं, शेतमजूर, रानात जाणाऱ्या बायका. आणि त्यातले कितीतरी, धडधाकट असलेले, काही तासांत तोंडातून फेस येऊन मरायचे.

आमच्याकडे विंचू दोन प्रकारचे. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्याने माणूस सहसा मरत नाही. लाल विंचू बोटाएवढा, तांबूस, आणि खरा धोका त्याचा. जांभ्या दगडाच्या गडग्यात, पेंढ्यात, लाकूडफाट्यात, गोवऱ्यांच्या ढिगात, चपलेत तो बसतो. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी घरं शाकारायच्या आणि लाकडं भरायच्या दिवसांत जास्त चावतो. चावला की वेदना होतातच, पण खरी गोष्ट वेदना नाही. माझ्या आजीच्या तोंडी होतं की विंचवाचा चावा दुखला तर बरा, थंड पडला तर वाईट. डॉ. बावस्करांनी जे लिहिलं त्याचा अर्थ तोच निघतो: ज्याला नुसती वेदना आहे तो वाचतो, ज्याचं अंग घामाने चिंब होतं, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, त्याच्या हृदयावर संकट आहे. ही लक्षणं पुढच्या धोक्याची सूचना आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. लंडनचं ते साप्ताहिक, आणि लेखक रायगड जिल्ह्यातला सरकारी डॉक्टर.

हे होतं कशामुळे? विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दरवाजांवर बसतं आणि ते दरवाजे लवकर बंद होऊ देत नाही. तंतू पेटल्यासारखे संदेश पाठवत राहतात. भीती वाटल्यावर अंगात जी रसायनं थोडी सुटतात, अॅड्रिनॅलिनच्या घराण्यातली, ती धरण फुटल्यासारखी सुटतात. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात. रक्तदाब चढतो. हृदयाला बंद दारावर धक्के मारल्यासारखं काम करावं लागतं, आणि ती रसायनं हृदयाच्या स्नायूलाही इजा करतात. थोड्या वेळाने डावा कप्पा हरतो. मागे रक्त तुंबतं, फुप्फुसात पाणी भरतं, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. म्हणजे म्हातारपणी दहा वर्षांत जे होतं, ते आठ वर्षांच्या पोराला सहा तासांत होतं. हार्ट फेल्युअर म्हणजे काय हे कुणाला समजावून घ्यायचं असेल तर विंचवाइतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी होतं, हे अगदी नवीन नव्हतं. १९६१ मध्येच मुंडले या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापलं होतं. इस्रायलमध्ये बीरशेबा इथे मोशे गुएरॉन यांनी १९७० च्या सुमारास विंचू चावलेल्यांच्या हृदयाचा अभ्यास केला होता. पण उपाय काय? त्या काळी झोपेची, उलटीची, वेदनेची औषधं एकत्र करून 'लायटिक कॉकटेल' नावाचं मिश्रण देत, कुणी अॅट्रोपिन देई, कुणी स्टेरॉइड. रोगी मरतच राहिले. डॉ. बावस्करांच्या हिशेबाने फुप्फुसात पाणी झालेल्यांतले जवळजवळ तीस टक्के दगावत. तीन पोरांतलं एक. वाडीतल्या आईला टक्केवारी कळत नाही, तीन पोरांतलं एक कळतं.

त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी केलं आणि पुन्हा याच भागात आले. मोठ्या शहरात राहता आलं असतं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही डॉक्टर. पुढच्या बहुतेक शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत. डॉ. बावस्करांचा विचार साधा होता. हृदय कमजोर नाही, त्याच्यासमोरचं दार बंद आहे. मग हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा दार उघडावं. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, जे रक्तवाहिन्या सैल करतं. त्याने माणसं वाचली. पण ते सलाइनमधून थेंब मोजत द्यावं लागतं, मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो. जिथे रात्री लाइट नाही, नर्स एकटी आहे, तिथे हे कसं चालणार? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. रक्तदाबाची साधी, तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी. विष ज्या रसायनांचा पूर आणतं, त्या रसायनांना रक्तवाहिन्यांवर बसू न देणं हेच तिचं काम. म्हणजे कुलपाला नेमकी किल्ली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे आलं. पुढे त्यांनी मांडलेला आकडा असा की प्राझोसिन आल्यानंतर मृत्यू एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आले.

तीस टक्क्यांवरून एक टक्का. मशीन नाही, आयसीयू नाही. गोळी देताना रोग्याला झोपवून ठेवायचं, पहिल्या मात्रेनंतर उठवायचं नाही, लहान मुलाला कडेवर उचलायचं नाही, कारण रक्तदाब एकदम उतरतो. उलट्या-घामाने पाणी गेलेलं असतं, ते भरून काढायचं. बस. पोलादपूर-महाडच्या डोंगरातल्या कितीतरी घरांत आज जी तिशी-चाळिशीची माणसं फिरतायत, ती या गोळीमुळे फिरतायत, आणि त्यांना तिचं नाव माहीत नाही.

पुढे मुंबईच्या हाफकिनने विंचवावरची लस, म्हणजे प्रतिविष तयार केलं. ते प्राझोसिनबरोबर दिलं तर काय होतं, याची चाचणी महाडमध्येच झाली. सत्तर रोगी, पस्तीस-पस्तीसचे दोन गट, चिठ्ठी टाकून वाटलेले. दोन्ही औषधं मिळालेल्यांतले बहुतेक जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवाल्यांतले खूपच कमी. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ते छापलं. म्हणजे मुंडल्यांनी जिथे रोग सांगितला, तिथेच पन्नास वर्षांनी उपाय छापून आला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या आमच्या मुलांना शाळेत शास्त्रज्ञांची नावं विचारली की न्यूटन, एडिसन, फार तर कलाम. वीस किलोमीटरवरचा माणूस कुणी सांगत नाही.

एक कडू भाग लिहिलाच पाहिजे. विंचू उतरवणारे आमच्यात आहेत, शेजारच्या वाडीतही आहेत. कुणी मंत्र म्हणतो, कुणी दम करतो, कुणी मुळी उगाळतो. यात हिंदू-मुसलमान असा भेद मला कधी दिसला नाही. भीती सगळ्यांची सारखी असते. दुआ करायला कुणी मना करत नाही, ती गाडीत बसूनही करता येते. पण साध्या चाव्याची वेदना काही तासांनी आपोआप उतरते, श्रेय मांत्रिकाला जातं, आणि पुढच्या वेळी ज्याच्या हृदयावर चाल आली आहे त्यालाही तिथेच नेलं जातं. त्याच्याकडे तास नसतात. हातपाय गार, अंगभर घाम, उलटी: एवढं दिसलं की वाट सरळ दवाखान्याची.

आता १९८६ कडे परत येतो, कारण त्या वर्षात एक विलक्षण योग आहे. त्याच वर्षी अमेरिकेत माजी सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहाशे बेचाळीस पुरुष, सगळे जुनाट हार्ट फेल्युअरचे. काहींना प्राझोसिन दिलं, काहींना हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड अशी दोन औषधं, काहींना नुसती खोटी गोळी. दोन औषधांच्या गटात मृत्यू कमी झाले. प्राझोसिनच्या गटात? खोटी गोळी घेणाऱ्यांइतकेच. म्हणजे महाडमध्ये जी गोळी मेलेल्यात जमा झालेल्या पोराला उठवत होती, तीच अमेरिकेत म्हाताऱ्याच्या थकलेल्या हृदयाला काहीच देऊ शकली नाही. एकच आजार, एकच औषध, एकच वर्ष.

मला यातून हार्ट फेल्युअर सगळ्यात जास्त समजलं. विंचवाचा हल्ला वादळासारखा येतो आणि जातो. ती रात्र निभावली की हृदय बहुधा पूर्ववत होतं. जुनाट आजारात वादळ नाही, दुष्काळ आहे. हृदय कमी पडतं तसं शरीर घाबरतं. मूत्रपिंडांना वाटतं रक्त कमी झालं, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. नसा आवळतात. ठोके वाढतात. वाचवण्यासाठी केलेल्या याच धडपडीने हृदय आणखी थकतं. नुसती दारं सैल केली तर शरीर काही दिवसांत पुन्हा पाणी साठवून गोळीवर मात करतं. म्हणून त्या धडपडीलाच शांत करणारं औषध हवं होतं.

ते आलं तेही विषातून. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषाने रक्तदाब उतरतो, हे पाहून सर्जिओ फरेरा यांनी १९६० च्या दशकात त्यातला घटक वेगळा केला. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ मध्ये बाजारात आलं. १९८७ मध्ये त्याच घराण्यातल्या एनालाप्रिलने उत्तर युरोपातल्या दोनशे त्रेपन्न अत्यंत आजारी रोग्यांत मृत्यू ठळकपणे कमी करून दाखवले. विंचवाच्या विषाने हृदय हरतं, सापाच्या विषातून निघालेल्या गोळीने ते तग धरतं. ही उपमा मी बनवलेली नाही, असंच घडलं.

बीटा ब्लॉकरची गोष्ट याहून विचित्र. ही औषधं हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून थकलेल्या हृदयाला ती देऊ नयेत असं सगळी पुस्तकं सांगत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये सात रोग्यांना ती दिली आणि ते सुधारले. लोकांनी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये मोठे अभ्यास आले तेव्हा मान्य झालं. चोवीस वर्षं. आणि विंचू चावलेल्याला मात्र हीच औषधं घातक ठरू शकतात. म्हणून शेजाऱ्याची हृदयाची गोळी आपण घेऊ नये, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हसतात, पण आमच्याकडे गोळ्यांची देवाणघेवाण साखरेसारखी चालते. १९९९ चंच स्पायरोनोलॅक्टोन. आणि २०१९ मध्ये मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाने, मधुमेह नसलेल्यांचंही हार्ट फेल्युअर सावरतं हे दिसलं. आज चांगला डॉक्टर या चार-पाच घराण्यांची औषधं थोडी थोडी, रक्तदाब आणि मूत्रपिंड पाहत, एकत्र देतो.

माझे चाचा उमेदीची वर्षं जहाजावर होते. झटका येऊन गेला, आणि त्यानंतर हृदय कमी पडलं. तेव्हा त्यांच्याही कागदावर ते दोन शब्द होते आणि घरात तीन दिवस मयतीसारखं वातावरण होतं. त्याला आता आठ वर्षं झाली. चाचांनी जहाजावरची सवय लावली: रोजनिशी. उर्दू वहीत रोज सकाळी लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच कपड्यांत वजन लिहितात. तारीख, वजन, किती उशा घेऊन झोपलो. मला ही वही विदरिंगच्या नोंदींइतकीच मोलाची वाटते. कारण चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही; पाणी वाढतं. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं, एका उशीच्या दोन झाल्या, संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटायला लागला, रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, की ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावतात. वाट पाहत नाहीत. फेस येईपर्यंत थांबलं तर मग महाडची खाट आणि ऑक्सिजन.

चाचांचा खरा शत्रू मीठ. आमचं जेवण पाहा. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, पापड, लोणचं, पेजेत वरून टाकलेलं मीठ. पावसाळ्यात ताजं काही मिळत नाही तेव्हा सुक्यावरच घर चालतं. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि पाण्याची गोळी जे दिवसभर काढते ते एक वाटी खाऱ्या कालवणाने परत येतं. चाची आता सुकट दोनदा धुऊन भिजवते आणि मीठ न घालता कोकम, लसूण, मिरचीवर करते. चाचा म्हणतात, "सुनेच्या हातचं नाही, दवाखान्याच्या हातचं झालंय." पण खातात. बाजारातलं 'कमी सोडियमचं मीठ' मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असतं, आणि या आजाराच्या काही गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवतात. गुडघेदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणून पाणी साठवतात. आमच्याकडे गुडघे सगळ्यांचे दुखतात आणि ती गोळी किराण्याच्या दुकानातही मिळते.

सूज उतरली की औषध सोडायचं, हा रोग इथे घरोघरी आहे. पाण्याची गोळी सूज उतरवते, ते डोळ्यांना दिसतं. बाकीच्या गोळ्या आयुष्य वाढवतात, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लोक दिसणारी ठेवतात आणि न दिसणाऱ्या बंद करतात. महिन्याचे पैसे वाचतात. मग दोन-तीन महिन्यांनी रुग्णवाहिका.

रमज़ानचं दरवर्षी विचारलं जातं. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलायची मुभा कुरआनात स्पष्ट आहे, आणि आजार बरा होण्यासारखा नसेल तर दर रोज्यामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फ़िदया. ज्याचं हृदय स्थिर आहे, त्याला डॉक्टर कधी कधी औषधांच्या वेळा सहरी-इफ्तारला वाटून परवानगी देतात. ज्याला चालताना धाप लागते किंवा नुकतंच भरती व्हावं लागलं, त्याला नाही म्हणतात. हा प्रश्न शाबानमध्येच विचारावा, चाँदरातीला नाही. चाचांनी पहिल्या वर्षी खूप वाद घातला. शेवटी मशिदीतल्या मौलानांनी, जे त्यांच्याच वयाचे आहेत, त्यांच्यासमोर बसून दोन वाक्यांत तो मिटवला. इफ्तारीची भजी आणि खारी शेव मात्र अजून वादात आहेत.

वर्गात माझी एक विद्यार्थिनी होती, दर एकवीस दिवसांनी गैरहजर. पेनिसिलीनच्या इंजेक्शनसाठी. लहानपणी घसा सुजला, सांधे दुखले, आणि त्या तापाने हृदयाची झडप खराब केली. संधिवाताच्या तापातून होणारा हा आजार आपल्याकडे तरुणपणी हृदय थकवणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक. मुलाच्या घशाचं दुखणं आठवडाभर चालू राहिलं आणि मग एकेक सांधा सुजला तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नये. ही मुलगी आता डी.एड. करते आहे आणि एकवीस दिवसांचा हिशेब तिच्या आईकडून तिच्याकडे आला आहे.

पावसात दरड आली की आमचा रस्ता बंद होतो. २०२१ च्या जुलैमध्ये तर महाड-पोलादपूर दोन्ही तुटले होते. म्हणून चाचा जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवतात, तांदळाबरोबर. यंदा त्यांनी दुकानदाराला विचारलं, विंचवाची गोळीही दे, गडग्याची लाकडं हलवायची आहेत. दुकानदाराने बरोबर सांगितलं की ती घरात ठेवून स्वतः घ्यायची नसते. मग चाचांनी आरोग्य केंद्राचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला, आणि पायात बूट घालायच्या आधी ते झाडायचे, हे नातवंडांना सांगितलं.